दहा तासांचे बिल

वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक विधेयक सभागृहात मांडले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी, चहाच्या गाडीवर, कोणीतरी आम्हांस विचारतोच, "काय दादा, झाला ना एकदाचा कायदा?" अजून नाही, असे म्हटले की त्याचा चेहरा पडतो. काही महिन्यांनी विधेयक मंजूर झाल्याची बातमी येते आणि तोच गृहस्थ पुन्हा विचारतो, "आता तरी झाला ना?" ह्या दुसऱ्या प्रश्नालाही आम्हांस छातीवर हात ठेवून होय म्हणता येत नाही. कामगारांत वावरताना ह्या दोन नकारांचा अर्थ समजावून सांगण्यात आमचा पुष्कळ वेळ गेला आहे. विधेयकाचा कायदा कसा होतो ह्या विषयावर बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले तेव्हा आम्हांस तोच प्रश्न प्रथम आठवला.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ह्या विषयाला एक पान पुरते. पहिले वाचन, दुसरे वाचन, समिती, तिसरे वाचन, दुसरे सभागृह, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. वाचून असे वाटते की ह्या देवळाच्या पायऱ्या आहेत. एकेक चढत गेले की देव भेटतो. वास्तविक ही वाट घाटाची आहे. वळणावर दरड कोसळते, मागे फिरावे लागते, कधी शिखरावर पोचल्यावर कळते की गाडीतला माल वाटेतच सांडला. पुस्तकातील पान खोटे नाही, पण त्यात माल सांडल्याची नोंद नसते. म्हणून आम्ही पान बाजूला ठेवतो आणि एकाच विधेयकाच्या मागोमाग चालतो. ते विधेयक आपल्या देशातील नव्हे, इंग्लंडातील आहे. त्याला तेथील कामगार 'दहा तासांचे बिल' म्हणत. १८४७ साली त्याचा कायदा झाला. आपल्या लोकसभेची कामकाजाची रीत बहुतांशी त्याच पार्लमेंटवरून आलेली आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे की ज्यांनी हे बिल पुढे रेटले त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कामगार न्यायालयांच्या निकालपत्रांवर आणि जुन्या बाजारातील पुस्तकांवर. तेव्हा सभेत बसलेल्या पंडितांनी आम्हांस सांभाळून घ्यावे. मात्र कलमे वाचण्याच्या बाबतीत आम्ही कोणाला हार जाणार नाही.

प्रथम परिस्थिती पाहू. वाफेच्या जोरावर सूत कातणाऱ्या गिरण्या लँकेशायर-यॉर्कशायरमध्ये उभ्या राहिल्या. तुटलेला धागा सांधावयाला, यंत्राखालचा कापूस झाडावयाला लहान बोटे लागत, म्हणून मुले ठेवली जात. दिवस बारा, तेरा, काही ठिकाणी चौदा तासांचा. जॉन फील्डन हा टॉडमॉर्डन गावचा मोठा गिरणीमालक. तो स्वतः दहा वर्षांचा असताना वडिलांच्याच गिरणीत कामाला लागला होता. पुढे त्याने आपल्याच गिरणीत हिशेब करून पाहिला की यंत्रामागे येरझारा घालणारे मूल बारा तासांत किती चालते. ते अंतर वीस मैलांहून कमी भरले नाही. १८३६ साली त्याने कारखाना पद्धतीवर एक पुस्तक लिहिले, त्यात हा हिशेब आहे. मालकाने स्वतःविरुद्ध मांडलेला असा हिशेब आमच्या वाचनात दुसरा नाही.

कायदे अगदीच नव्हते असे नाही. १८०२ साली एक झाला, १८१९ साली दुसरा. दुसऱ्याने कापसाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि सोळा वर्षांपर्यंतच्यांना बारा तासांची मर्यादा घातली. पण ती पाळली जाते की नाही हे पाहावयाला सरकारी निरीक्षक नेमला नाही. अर्थात कायदा कागदावर राहिला. १८३० च्या ऑक्टोबरात लीड्सच्या एका वर्तमानपत्रात रिचर्ड ओस्लर नावाच्या गृहस्थाचे पत्र छापून आले. त्याचा आशय असा की वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी आपण सभा भरवितो आणि आपल्याच यॉर्कशायरमधील गिरण्यांत मुले गुलामीत राबतात त्याकडे डोळेझाक करतो. ओस्लर हा एका जमीनदाराचा कारभारी. जुन्या मताचा, राजनिष्ठ माणूस. पण ह्या पत्राने वणवा पेटला. गावोगाव कामगारांच्या 'अल्पवेळ समित्या' उभ्या राहिल्या. १८३१ च्या जूनमध्ये हडर्सफील्डचे कामगार ओस्लरच्या घरी गेले आणि पक्षभेद व धर्मभेद बाजूला ठेवून एकत्र काम करावयाचे असा करार उभयतांत झाला. जमीनदाराचा कारभारी आणि जहाल कामगार ह्यांची ही सोयरीक पुष्कळांना विचित्र वाटली. आम्हांस वाटत नाही. विधेयकाला मते लागतात, आणि मते एकाच गोटातून मिळत नसतात.

आता बिलाकडे. पार्लमेंटमध्ये बिल कोणीही सभासद आणू शकतो, मग तो सरकारात असो वा नसो. पहिले वाचन म्हणजे बिलाची ओळख करून देणे. त्यावर वाद होत नाही. दुसऱ्या वाचनात तत्त्वावर खडाजंगी होते: असा कायदा असावा की नसावा? ते मान्य झाले की बिल समितीत जाते आणि एकेक कलम, एकेक शब्द चाळला जातो. ती समिती पुष्कळ वेळा सगळ्या सभागृहाचीच असे. फक्त सभापती खुर्ची सोडीत आणि मेजावरचा राजदंड खाली ठेवीत, एवढाच बदल. मग तिसरे वाचन. मग हाच सगळा खटाटोप उमरावांच्या सभेत पुन्हा.

मायकेल सॅडलर ह्या सभासदाने अठरा वर्षांखालील कामगारांना दहा तासांची मर्यादा घालणारे बिल आणले आणि १६ मार्च १८३२ रोजी दुसऱ्या वाचनाचे भाषण केले. सभागृहाने सांगितले, आधी प्रवर समिती नेमून चौकशी करू. आमचा अनुभव असा की विधेयकाला उघड विरोध करावयाचा नसला की माणूस चौकशी मागतो. पण येथे डाव उलटला. सॅडलर स्वतः त्या समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याने गिरणीतल्या माणसांनाच साक्षीला बोलाविले. पाय वाकडे झालेले तरुण लंडनच्या त्या खोलीत उभे राहून आपले वय व तास सांगू लागले. मालकपक्षाने तक्रार केली की साक्षी एकतर्फी आहेत, शपथेवर घेतलेल्या नाहीत. तक्रारीत काही तथ्य होते. पण साक्षी छापल्या गेल्या आणि इंग्लंडने त्या वाचल्या. त्याच वर्षी २४ एप्रिलला यॉर्कच्या किल्ल्याच्या आवारात हजारो कामगार पावसातून पायी चालत येऊन जमले होते.

आणि मग बिल मेले. कोणी मारले नाही. त्या वर्षी मताधिकार सुधारणेचा मोठा कायदा झाला, पार्लमेंट विसर्जित झाले, आणि अर्धवट राहिलेले सगळे कामकाज त्याबरोबर गेले. आपल्याकडेही लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयके रद्द होतात. डिसेंबरच्या निवडणुकीत सॅडलर लीड्समध्ये उभा राहिला आणि पडला. त्याला पाडणाऱ्या दोन विजयी उमेदवारांपैकी एक होता मेकॉले. आपल्या शिक्षणाचा आणि पीनल कोडाचा तोच मेकॉले. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

सॅडलरची जागा लॉर्ड ॲशली ह्याने घेतली. हा उमराव घराण्यातला, हुजूर पक्षाचा, अत्यंत धर्मनिष्ठ. त्याने १८३३ साली तेच बिल पुन्हा आणले. पुन्हा मागणी आली: सॅडलरची चौकशी एकतर्फी होती, म्हणून राजाने आयोग नेमावा. ही सूचना ७४ विरुद्ध ७३, म्हणजे एका मताने संमत झाली. आयोग झाला, अहवाल आला आणि सरकारने ॲशलीचे बिल बाजूला सारून स्वतःचे आणले. त्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४८ तास आणि अठरापर्यंतच्यांना दिवसाला बारा तास ठरले. दहा तास मिळाले नाहीत. पण एक गोष्ट मिळाली, जी मागितलेलीही नव्हती: चार सरकारी निरीक्षक. त्यांतला लेनर्ड हॉर्नर पुढे मालकांच्या घशातला काटा होऊन बसला. विरोधकाने दिलेल्या कायद्यातसुद्धा एखादे कलम असे निघते की वीस वर्षे कामास यावे. म्हणून आम्ही नको असलेले विधेयकही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

मधली दहा वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. ओस्लर कर्जापायी तुरुंगात पडला आणि १८४१ ते १८४४ तेथूनच साप्ताहिक पत्रके काढीत राहिला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक नासाउ सीनियर ह्यांनी १८३७ साली असे गणित मांडले की गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात असतो. तो तास काढला की नफा गेला. गवळ्याच्या गाईचे सगळे दूध शेवटच्या पिळण्यात असते, असे म्हणण्यासारखेच हे आहे. पण गणित प्राध्यापकाचे होते, त्यामुळे ते पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षे चालले.

आता १८४४ चा मार्च महिना. आमच्या मते पार्लमेंटच्या रीतीभाती शिकावयाच्या तर हा एक आठवडा पुरे आहे.

गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम ह्यांनी कारखान्यांविषयीचे सरकारी बिल आणले होते. त्यात स्त्रियांनाही तरुण कामगारांच्या जोडीला बसवून बारा तासांची मर्यादा घातली होती. बिल समितीत आले. दुसऱ्या कलमात शब्दांच्या व्याख्या होत्या आणि 'रात्र' म्हणजे संध्याकाळी आठपासून सकाळी सहापर्यंत, अशी एक निरुपद्रवी दिसणारी व्याख्या होती. ॲशलीने उपसूचना आणली की रात्र आठऐवजी सहाला सुरू व्हावी. रात्री काम करावयाचे नाही हे तर ठरलेलेच. मग सकाळी सहा ते संध्याकाळी सहा हे बारा तास राहिले, त्यांतून जेवणाखाणाचे दोन वजा केले की उरले दहा! सबंध लढा एका आकड्यात आणून ठेवला. १८ मार्च, सोमवार. मतविभागणी झाली: सरकारच्या विरुद्ध १७९, बाजूने १७०. सर रॉबर्ट पील ह्यांचे भक्कम बहुमताचे सरकार नऊ मतांनी हरले. लँकेशायरमध्ये आनंदाची लाट उसळली.

शुक्रवारी, २२ मार्चला, आठवे कलम आले. ह्या कलमात प्रत्यक्ष तासांचा आकडा होता. सरकारने विचारले, येथे 'बारा' असावेत का? १८६ विरुद्ध १८३: नसावेत. बरे, मग 'दहा' असावेत का? १८८ विरुद्ध १८१: तेही नसावेत. एकाच रात्री, एकाच सभागृहाने, बारा नाकारले आणि दहाही नाकारले.

शहाणी माणसे असे कसे वागतात, असे कोणी विचारील. मूठभर सभासदांना अकरा हवे होते. त्यांनी बारांच्या विरुद्ध मत दिले आणि दहांच्याही. अकरांचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. सभागृहाचे मत म्हणजे सभासदांच्या मनातल्या मतांची बेरीज नव्हे. जो प्रश्न मतास टाकला जातो त्यालाच उत्तर मिळते, आणि कोणता प्रश्न कोणत्या क्रमाने टाकावयाचा हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुष्कळ काही असते. आमच्या युनियनच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा ठराव आधी की उपसूचना आधी ह्यावर अर्धा तास भांडण होते. नवे लोक त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात. त्यांना आम्ही ह्या शुक्रवारची गोष्ट सांगतो.

ग्रॅहॅमने बिल मागे घेतले आणि नवे आणले. मेमध्ये ॲशलीने दहा तासांची उपसूचना पुन्हा मांडली. ह्या वेळी पील ह्यांनी सांगून टाकले की ती संमत झाली तर आपण राजीनामा देऊ. प्रश्न आता मुलांच्या तासांचा राहिला नाही, सरकार राहावे की जावे हा झाला. मार्चमध्ये ॲशलीबरोबर असलेले कित्येक हुजूरपक्षीय निमूटपणे पलीकडे गेले: २९७ विरुद्ध १५९. दोन महिन्यांत नऊ मतांच्या विजयाचा १३८ मतांचा पराभव झाला. मधल्या काळात कोणा सभासदाला काही नवी माहिती मिळाली होती असे नाही.

१८४४ चा कायदा असा बारा तासांचाच झाला. तथापि त्याने एक पायंडा पाडला: प्रौढ स्त्रीच्या दिवसाला कायद्याने मर्यादा घातली. पुरुषांना ती कोणीच मागितली नाही. प्रौढ पुरुष हा स्वतंत्र माणूस, त्याने आपला करार आपण करावा, त्यात कायद्याने पडू नये, हे त्या काळचे वेदवाक्य होते. पण स्त्रिया आणि मुले घरी गेली की पुरुषाचे यंत्र चालावयाचे कसे? पुरुष कामगार स्त्रियांच्या पदराआड उभे राहून लढत आहेत, असा टोमणा त्यांना मारला जाई. टोमणा खरा होता. त्यांतल्या काहींना स्त्रिया गिरणीतच नको होत्या, हेही खरे आहे, आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही.

जानेवारी १८४६ मध्ये ॲशलीने दहा तासांचे बिल पुन्हा मांडले आणि दोन-चार दिवसांतच त्याने सभासदत्व सोडले. कारण वेगळेच होते. परदेशी धान्यावरील जकात उठवावी असे त्याचे मत झाले होते, आणि ज्या शेतीप्रधान मतदारसंघाने जकात ठेवण्यासाठी त्याला निवडून दिले त्याचा प्रतिनिधी म्हणून बसणे त्याला प्रामाणिकपणाचे वाटेना. असे राजीनामे दुर्मिळ. बिल पोरके झाले. ते उचलले फील्डनने, त्याच टॉडमॉर्डनच्या मालकाने. २२ मे १८४६ रोजी दुसऱ्या वाचनावर मते पडली: बाजूने १९३, विरुद्ध २०३. त्या दिवशी बिलाच्या बाजूने जे मोठे भाषण झाले ते मेकॉलेचे! चौदा वर्षांपूर्वी सॅडलरला पाडून आलेला हा गृहस्थ आता सांगत होता की इंग्लंड शतकानुशतके आठवड्यातला एक दिवस विश्रांती घेत आले, त्याने ते गरीब झाले नाही. विसावलेला माणूस अधिक चांगले काम करतो. मत बदलणाऱ्याची आपल्याकडे हेटाळणी करण्याची चाल आहे. विधेयकाच्या कामाला मात्र असाच माणूस उपयोगी पडतो.

दहा मतांचा हा पराभव वर्षभरात विजयात कसा बदलला? धान्यावरील जकात रद्द झाली, आणि ती रद्द करविण्यात गिरणीमालकांचा पुढाकार होता. त्यामुळे जमीनदार सभासद मालकांवर आणि आपल्याच पुढाऱ्यावर, पीलवर, चिडले. मालकांना एक तडाखा देण्याची संधी त्यांना हवीच होती. पीलचे सरकार गेले. रसेलचे आले, त्याने राजीनाम्याची धमकी दिली नाही. शिवाय १८४७ साली धंद्यात मंदी आली आणि पुष्कळ गिरण्या आपण होऊनच कमी वेळ चालू लागल्या. दहा तासांनी धंदा बुडेल असे सांगणाऱ्याच्या गिरणीत तेव्हा दहा तासांचेही काम नव्हते. कामगारांच्या समित्यांनी ह्या वाऱ्यावर शीड उभारले. ॲशली आणि ओस्लर उत्तरेत सभा घेत फिरत होते. समित्यांचे प्रतिनिधी लंडनला येऊन सभासदांच्या घरचे उंबरठे झिजवीत होते. त्यांत फिलिप ग्रँट हा एक होता, त्याने पुढे १८६६ साली ह्या सबंध चळवळीचा इतिहास लिहिला. मत नसलेल्या माणसाजवळ दोनच साधने: अर्ज करण्याचा हक्क, आणि सभासदाच्या दाराशी उभे राहण्याचे पाय. तिसरे एक साधन थोड्याच वर्षांपूर्वी मिळाले होते. १८३६ पासून सभागृहात कोणी कोणत्या बाजूने मत दिले ह्याची यादी अधिकृतपणे छापली जाऊ लागली होती. छापलेल्या यादीत नाव लपत नाही.

२६ जानेवारी १८४७ ला फील्डनने बिल पुन्हा मांडले. १७ फेब्रुवारीला दुसरे वाचन, १९५ विरुद्ध ८७. समितीत अकरा तासांवर तडजोड करण्याची सूचना आली ती फेटाळली गेली. ३ मे रोजी तिसरे वाचन, १५१ विरुद्ध ८८. हे सरकारी बिल नव्हते, एका साध्या सभासदाचे होते, हे पुन्हा सांगितले पाहिजे. आपल्या संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी खाजगी सभासदांची चौदाच विधेयके कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली.

उमरावांच्या सभेचे काम सोपे झाले. त्यांचे नवे सभागृह नुकतेच, एप्रिलमध्ये, वापरात आले होते. लॉर्ड एल्समियर ह्यांनी बिल मांडले, बिशप बाजूने उभे राहिले, ब्रूमने कडाडून विरोध केला. १७ मे रोजी ५३ विरुद्ध ११. १ जूनला तिसरे वाचन. ८ जून १८४७ ला राणीची संमती. ही संमती नॉर्मन फ्रेंच भाषेत उच्चारली जाते. अर्थ एवढाच की राणीची तशी इच्छा आहे. इच्छा नाही असे कोणत्याही राजाने वा राणीने १७०८ नंतर म्हटलेले नाही. १ जुलै १८४७ पासून अकरा तास आणि १ मे १८४८ पासून दहा तास, आठवड्याला ५८, असे ठरले. अठरा वर्षांखालील तरुण आणि सर्व स्त्रिया ह्यांना हे लागू.

झाला ना एकदाचा कायदा? आता दुसरा नकार.

फील्डनचा कायदा छोटेखानी होता. त्याने १८४४ च्या कायद्यातील बारांच्या जागी दहा घातले आणि बाकीची चौकट तशीच ठेवली. ती चौकट अशी होती की गिरणीचा कायदेशीर दिवस सकाळी साडेपाचपासून रात्री साडेआठपर्यंत, पंधरा तासांचा. ह्या पंधरा तासांत कोणाला दहाहून अधिक राबवावयाचे नाही. आणि हे तास कोणताही मुलगा किंवा तरुण सकाळी प्रथम कामाला लागेल तेव्हापासून मोजावयाचे, असे १८४४ च्या कायद्यात म्हटले होते. वाचणाऱ्याला वाटे, सगळे स्पष्ट आहे. पण हे तास सलग असावेत, असा शब्द त्यात नव्हता.

धंदा सुधारला आणि काही मालकांनी ही फट हेरली. मुलीला सहाला कामावर घ्यावयाचे, नऊला बाहेर काढावयाचे, अकराला पुन्हा बोलवावयाचे, दोनला काढावयाचे, साडेचारला पुन्हा. बेरीज दहा तासांचीच. तिच्या जागी मधल्या वेळात दुसरी. दोन-दोन तासांसाठी घरी जाऊन काय करणार? ती गिरणीच्या भिंतीशी बसून राही. तिचे सगळे पंधरा तास गिरणीच्याच मालकीचे. आणि यंत्र सबंध वेळ चालू, म्हणून पुरुष पंधरा तास यंत्रावर. निरीक्षक आला तर शेकडो हातांपैकी कोणी किती तास केले हे त्याला ब्रह्मदेवही सांगू शकला नसता. ह्याला 'रिले' पद्धत म्हणत, आपण आळीपाळीच्या तुकड्या म्हणू.

हॉर्नरने खटले भरले. पुष्कळ ठिकाणी न्यायासनावर बसलेले मॅजिस्ट्रेट गिरणीमालक किंवा त्यांचे सोयरे. ते खटले काढून टाकीत. ऑगस्ट १८४८ मध्ये गृहमंत्री जॉर्ज ग्रे ह्यांनी निरीक्षकांना कळविले की एकूण तास मर्यादेत असतील तर केवळ अशा तुकड्या पाडल्या म्हणून खटला भरू नये. हॉर्नरने ते ऐकले नाही. १८५० च्या फेब्रुवारीत रायडर विरुद्ध मिल्स हा खटला एक्स्चेकर न्यायालयापुढे आला. बॅरन पार्क ह्यांनी निकाल दिला: हा शिक्षा करणारा कायदा आहे, म्हणून त्याचा अर्थ शब्दाला धरूनच लावला पाहिजे, पार्लमेंटला तुकड्यांची पद्धत बंद करावयाची असेलही, पण तसे शब्द तिने घातलेले नाहीत. निरीक्षक हरले. ॲशली, ओस्लर, फील्डन आणि गावोगावच्या समित्यांनी सतरा-अठरा वर्षे खपून मिळविलेले दहा तास एका न गेलेल्या शब्दाच्या वाटेने निघून गेले. फील्डनला हे पाहावे लागले नाही. तो १८४९ साली वारला.

न्यायमूर्तींना शिव्या देण्यात आम्हांस अर्थ वाटत नाही. आमच्या भागातील एका कारखान्यात करार झाला तेव्हा 'आठ तासांची पाळी' एवढेच लिहिले होते. दोन महिन्यांत मधली सुट्टी तीन तासांची झाली आणि आमची माणसे सकाळी सातला जाऊन संध्याकाळी सहाला परत येऊ लागली. व्यवस्थापक आम्हांस शांतपणे म्हणाले, "मोजून पाहा, आठच भरतात." पुढचा करार करताना आम्ही एकेका स्वल्पविरामावर अडून बसलो, तेव्हा आमच्याच एका तरुण सहकाऱ्याने कपाळाला हात लावला होता.

पार्लमेंटमध्ये बिल पुन्हा आले. ॲशली तोवर सभागृहात परतला होता. सरकारने तडजोड पुढे केली: काम सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ह्याच वेळेत, त्यात दीड तास जेवणाचा, शनिवारी दुपारी दोनला बंद. तुकड्यांचा खेळ संपला. पण दिवस साडेदहा तासांचा झाला आणि आठवडा ५८ चा ६०. ॲशलीने ते पत्करले. ज्या समित्या त्याच्या नावाचा जयजयकार करीत होत्या त्यांतल्या पुष्कळांनी त्याला विश्वासघातकी म्हटले. आमच्या मते त्याने योग्य केले. भोंगा वाजला की सगळ्यांनी एकदम बाहेर पडावे, ही गोष्ट अर्ध्या तासापेक्षा मोलाची होती. ती निरीक्षकाला रस्त्यावरूनही दिसते. परंतु आठवड्याला दोन तासांचे जादा काम ज्याला करावयाचे आहे त्याने चिडू नये, असे आम्ही म्हणणार नाही. ह्याही कायद्यात तेरा वर्षांखालील मुले सुटून गेली होती. त्यांच्यासाठी १८५३ साली आणखी एक कायदा करावा लागला. खरोखरीचा दहा तासांचा दिवस कापडगिरण्यांना १८७४ साली मिळाला.

तोवर मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहिली होती. येथे काम स्वस्त आणि तासांना बंधन नाही, अशी मँचेस्टरच्या मालकांची तक्रार सुरू झाली. आपल्याकडचा कारखाना कायदा आणविण्यात त्या तक्रारीचा वाटा होता, हे कबूल केले पाहिजे. १८८१ चा पहिला कायदा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात झाला. तेथे निवडून आलेला एकही माणूस नव्हता, आणि तो कायदा बहुतांशी मुलांपुरता होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मत नसलेल्यांचा अर्जाचा मार्ग, तोच. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तास आणि सर्वांना आठवड्याची सुट्टी मिळाली. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मर्यादा पडावयाला १९११ साल उजाडले. ती बारा तासांची. १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा.

स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा १९४८ साली झाला: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८. त्याच्या ५६ व्या कलमात असे घातले की कामाचे तास आणि मधली विश्रांती मिळून सगळा पसारा साडेदहा तासांपलीकडे जाता कामा नये. आणि ५८ वे कलम असे की एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी कामगारांच्या एकाहून अधिक तुकड्या लागतील अशा रीतीने पाळ्या लावता येणार नाहीत. युनियनच्या अभ्यासवर्गात हे कलम आले की मुले थांबतात. सरळ तास सांगून झाल्यावर हे तुकड्यांचे काय मध्येच काढले, असे विचारतात. ते कलम लिहिले गेले तेव्हा बॅरन पार्क ह्यांच्या निकालाला ९८ वर्षे झाली होती.